एकेचाळीस पाट्यांचा प्रश्न

‘हा फाँट कोणता?’ एवढा एकच प्रश्न घेऊन रोज साठ-सत्तर माणसं त्या ग्रुपच्या दारात उभी राहत, आणि त्यांतल्या निम्म्यांना भिंगबाई आल्या पावली परत पाठवत. कुणी केकवर क्रीमने काढलेल्या अक्षरांचा फोटो टाके, कुणी औषधाच्या जुन्या बाटलीचा, कुणी चालत्या बसमधून टिपलेल्या धूसर फलकाचा. एका महाभागाने तर आधीच्या प्रेयसीच्या दंडावरचं गोंदण टाकून हीच अक्षरं नव्या प्रेयसीसाठी हवीत असं लिहिलं होतं. बाईंनी त्याला कळवलं की फाँट सापडेल, पण त्याआधी थोडी अक्कल सापडते का ते पाहा.

डिझायनर मंडळींच्या त्या भल्यामोठ्या ग्रुपवर फाँट ओळखण्याच्या प्रश्नांचा सगळा कारभार अकरा वर्षं त्यांच्या हातात होता. दिवसा त्या एका छापखान्यात लेबलांची प्रुफं तपासत. तिथे गोळ्यांच्या पाकिटावरची मिलिमीटरभर उंचीची अक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचावी लागत, म्हणून ग्रुपवर त्यांनी ‘भिंग’ हे नाव घेतलं होतं. मागचं ‘बाई’ लोकांनीच जोडलं, बरंचसं धाकाने.

प्रश्न विचारायचे आणि सोडवायचे नियम त्यांनीच घालून दिले होते. फोटो पूर्ण हवा, कापलेला चालणार नाही. वस्तू कुठे दिसली ते सांगायचं. आणि तिसरा नियम त्यांच्या जिवाभावाचा होता: एकच अक्षर दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. फाँटमधला ‘च’ दहा वेळा आला तर दहाही ‘च’ तंतोतंत एकसारखे असतात. हाताने काढलेले दोन ‘च’ मात्र कितीही जपून काढले तरी कुठेतरी फरक दाखवतातच. उत्तर पटलं की विचारणारा ‘सुटला’ असा हिरवा शिक्का मारी, आणि प्रश्नाला कायमचं कुलूप लागे. हे कुलूपही बाईंनीच आणलेलं, कारण पूर्वी लोक सुटलेल्या प्रश्नांवरून महिनोन् महिने एकमेकांची डोकी फोडत बसत.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी फोन उघडला, तर प्रश्नांच्या रांगेत एक मजकूर होता ज्याला फोटोच नव्हता. परत पाठवायला त्यांचा अंगठा निघालाही होता. मजकूर असा होता की चार वर्षांपूर्वी ‘भिंग’ नावाच्या कुणीतरी इथे एक उत्तर दिलं आहे, ते छापून माझ्या वडिलांना वकिलाची नोटीस आली आहे, आणि मला त्या माणसाला भेटायचं आहे. खाली लिहिलं होतं, ‘माझे वडील पाट्या रंगवतात.’

बाईंनी ते जुनं उत्तर शोधून काढलं. फोटोत एकच शब्द होता, ‘चष्मे’. जाड, गोलसर पोटाची, देखणी अक्षरं. फोटो चारी बाजूंनी कापलेला होता, शब्दातलं एकही अक्षर दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. खाली त्यांचं स्वतःचं उत्तर: ‘चिरेबंद, जाड वळण. शंकाच नको.’ विचारल्यापासून नऊ मिनिटांत दिलेलं. त्या काळात ‘स्वल्पविराम’ नावाचा एक सभासद भराभर उत्तरं देऊन भाव खात असे, आणि त्याच्याआधी आपलं उत्तर पडलं म्हणून त्या दिवशी आपण किती खूश झालो होतो तेही त्यांना आठवलं. डब्यातलं जेवण तसंच राहिलं. आपला नियम आपणच मोडला, आणि त्याची फळं कुणी तिसराच भोगतोय, या विचाराने त्यांना स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटल्यावर, मजकूर टाकणाऱ्या मुलीकडून पत्ता घेऊन, त्या दोन बस बदलून पेंटरच्या घरी गेल्या. दार मुलीने उघडलं. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती. आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेला एक अर्धवट फलक, तेलाच्या डब्यात उभे कुंचले, आणि फलकासमोर स्टुलावर पाठमोरे बसलेले पेंटर. ते वळले नाहीत. ओळ पुरी झाल्यावर कुंचला पुसला आणि मग म्हणाले, बसा.

नोटीस मुलीनेच वाचून दाखवली. ‘चिरेबंद’ हा फाँट ज्या कंपनीचा, तिचं म्हणणं होतं की पेंटरने तो विनापरवाना उचलून, त्याचे साचे कापून एकेचाळीस पाट्यांवर रंगवला. त्यांनी त्या साऱ्या पाट्या पंधरा दिवसांत पुसाव्यात आणि आपण नक्कल केल्याच्या कबुलीवर सही करावी, नाहीतर कोर्ट आहेच. सोबत एकेचाळीस दुकानांचे पत्ते आणि पुरावा म्हणून बाईंचं उत्तर, हिरव्या शिक्क्यासकट. फाँट सहा वर्षांपूर्वी बाजारात आला होता आणि पाट्या त्यानंतरच्या होत्या. पेंटरची त्याआधीची अक्षरं उन्हापावसाने केव्हाच उडून गेली होती, त्यामुळे तारखांचा उपयोग शून्य.

बाई म्हणाल्या की ते उत्तर मी दिलंय, आणि ते घाईत दिलंय. पेंटरने विचारलं, किती घाईत. बाईंना खोटं बोलता आलं असतं.

“नऊ मिनिटांत,” त्या म्हणाल्या.

“त्या पाटीला मला चार दिवस लागले होते,” पेंटर म्हणाले. “तीस वर्षं रंगवतोय. आता सही करू की मी चोर आहे?”

ते ओरडले नाहीत, आणि बाईंना ओरडणं परवडलं असतं. बाईंनी खाली मान घातली नाही एवढंच. पाटी बघायची आहे म्हणाल्या. मुलगी दमलेली असूनही चप्पल घालून निघाली.

चष्म्याच्या दुकानावर पूर्ण पाटी होती: ‘चष्मे. चष्म्याच्या काचा. चष्मे दुरुस्ती.’ चार ठिकाणी अख्खा ‘च’. बाईंनी पिशवीतून खरंखुरं भिंग काढलं आणि दुकानदाराकडून स्टूल मागून घेतलं. पहिला ‘च’ ऐसपैस होता. दुसऱ्याचं पोट जरा आत गेलेलं. तिसरा अंग चोरून उभा. मुलीने सांगितलं की तिथून पूर्वी पाण्याचा पाइप जायचा, बाबांनी अक्षर त्याच्या अलीकडे बसवलं; पुढे पाइप काढला, ‘च’ तसाच आखडलेला राहिला. चौथ्याच्या शेवटी कुंचल्यातला रंग संपत आल्याची बारीक चिरही दिसत होती. अशी चार अक्षरं कुठल्याही फाँटमधून बाहेर पडणं शक्य नव्हतं. पूर्ण फोटो मागितला असता तर त्या दहाव्या मिनिटाला हे ओळखू शकल्या असत्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी ग्रुपच्या संचालकाला फोन लावला. जुना प्रश्न उघडा, मला माझं उत्तर मागे घ्यायचं आहे, एवढंच त्यांचं मागणं. संचालक गोड बोलण्यात पटाईत होता. आधी त्याने त्यांच्या अकरा वर्षांच्या सेवेचं कौतुक केलं. मग म्हणाला की सुटलेला प्रश्न उघडायचा नाही हा नियम तुमचाच, तो तुमच्यासाठी कसा वाकवू. बाईंनी विचारलं की खरं कारण काय. तेव्हा कळलं की ग्रुपच्या वार्षिक संमेलनाचा यजमान दरवेळी तीच फाँट-कंपनी असते. भिंगबाई चुकतात असं एकदा जाहीर झालं, तर बाकीच्या हजारो उत्तरांवर कोण विश्वास ठेवणार, असंही तो म्हणाला. थोडक्यात, त्यांनी मूग गिळून बसावं.

घरी नणंद होती. नवऱ्यामागे बाई आणि नणंद एकत्र राहत. नणंदेने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याला तोंडघशी पाडायची सवय जुनी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वहिनी, कुलूप तुम्ही केलंत आणि किल्ली ठेवायला विसरलात. आता दार तोडता येत नसेल तर नवी दारं बसवा.”

“म्हणजे काय, वन्सं?”

“जुना प्रश्न उघडत नाही. पण नवा प्रश्न विचारायला कुणाची बंदी आहे?”

बाई मग वहीच काढून बसल्या. नियमाप्रमाणे एका सभासदाला दिवसाला तीन प्रश्न. नोटिशीच्या मुदतीचे बारा दिवस उरले होते. छत्तीस पाट्या होत होत्या, पाच उरत होत्या. नणंद म्हणाली की छत्तीसही पुष्कळ झाल्या, लागा कामाला.

शनिवार-रविवार मुलगी आणि त्या मिळून पत्ते घेऊन हिंडल्या. पत्ते शोधायची गरजच नव्हती, कंपनीने नोटिशीतच आयते दिले होते. पण शुक्रवारपासूनच प्रश्न सुरू झाले. पहिला चष्म्याच्या पाटीचा. अकरा वर्षांत भिंगबाईंनी कधी प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे ग्रुपवर खळबळ उडाली. फोटो पूर्ण, पत्ता दिलेला, चारही ‘च’ ठळक दिसणारे. मजकूर नवशिक्याचा असतो तसाच: ‘हा फाँट कोणता?’

एका उत्साही सभासदाने लगेच लिहिलं, चिरेबंद, जाड. त्याच्यावर बाकीचे तुटून पडले की तिसरा नियम कुठे गेला. तासाभराने स्वल्पविराम आला. त्याने चारही ‘च’ चार रंगांत एकमेकांवर ठेवून दाखवले. कडा कुठेच जुळत नव्हत्या. खाली लिहिलं, ‘हा फाँटच नाही. हाताने रंगवलेलं आहे, आणि झकास रंगवलेलं आहे.’ बाईंनी त्यावर हिरवा शिक्का मारला. कुलूप लागलं.

मग रोज तीन. सकाळी छापखान्यात जाण्याआधी एक, जेवणाच्या सुट्टीत एक, घरी आल्यावर एक. शिंप्याची पाटी, कुलूपवाल्याची, दंतवैद्याची, सायकलदुरुस्तीची. प्रत्येक फोटो नियमात चोख बसवलेला. उत्तरं कोण देणार यावरून ग्रुपवर चढाओढ लागली. ‘तिरपा’ नावाचा एक गडी तर प्रत्येक पाटीतला रंग कुठे संपत आला ते बाणाने दाखवू लागला. बाईंनी एकाही प्रश्नाखाली स्वतः शब्द लिहिला नाही. उत्तर पटलं की फक्त शिक्का.

पाचव्या दिवशी संचालकाचा फोन आला. आवाजातला गोडवा गेला होता. हा काय तमाशा मांडलाय, कंपनीकडून विचारणा झाली, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं की मी नियम कोणता मोडला तेवढं सांगा. त्याला सांगता येईना. त्याने त्यांचा कारभार काढून घेतला आणि नावापुढची कारभाऱ्याची निळी खूण पुसली. अकरा वर्षांची खूण जाताना काहीच आवाज झाला नाही, आणि बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. नणंद एक अक्षर न बोलता जेवली, आणि तिच्या बाबतीत हे नवलच होतं.

दुसऱ्या दिवशी साध्या सभासद म्हणून बाईंनी पुन्हा तीन प्रश्न टाकले.

नवव्या दिवशी सत्ताविसावा प्रश्न सुटला आणि संध्याकाळी त्यांचं खातंच बंद झालं. नाव टाकलं की पडदा कोरा. आता मात्र त्यांचं अवसान गळालं. चौदा पाट्या राहिल्या होत्या, आणि त्यांतली एक पेंटरने आपल्या बायकोच्या शिवणवर्गासाठी रंगवलेली. ती बाई आता हयात नव्हती. दुसऱ्या सगळ्या पुसल्या तरी तेवढी पुसणार नाही, असं ते मुलीला म्हणाले होते. बाईंनी मुलीला फोन करून सांगितलं की माझ्याने होईल तेवढं झालं.

सकाळी मुलीचा उलटा फोन आला. ग्रुप उघडून बघा म्हणाली. बाईंना उघडता येत नव्हता, म्हणून नणंदेने स्वतःचं खातं काढलं आणि नाव घेतलं ‘गुणाकार’. पानावर सगळ्यात वर चौदा नवे प्रश्न होते, चौदा वेगवेगळ्या सभासदांनी टाकलेले. फोटो मुलीने पुरवले होते. रात्री भिंगबाई गायब झालेल्या दिसल्यावर स्वल्पविरामनेच चष्म्याच्या दुकानदाराकडे चौकशी करून तिला गाठलं आणि उरलेल्या पाट्या मागून घेतल्या होत्या. शिवणवर्गाच्या पाटीखाली त्याने लिहिलं होतं की बंद करायचं असेल तर आता आम्हा चौदाही जणांना करा. संचालकाने कुणालाच केलं नाही. दुपारपर्यंत चौदाही प्रश्नांवर हिरवे शिक्के पडले आणि कुलपं लागली. ती कुलपं आता संचालकालाही काढता येणार नव्हती, कारण सुटलेला प्रश्न उघडायचा नाही हे तोच सगळ्यांना सांगत सुटला होता.

पंधराव्या दिवशी कंपनीच्या वकिलाकडे बोलावणं होतं. पेंटर धुतलेला सदरा घालून आले होते, नखांत निळा रंग तसाच. मुलगी कामाची पाळी बदलून आली होती. बाईंनी छापखान्यातून अर्धी रजा काढली होती. टेबलाच्या पलीकडे वकीलबाई आणि कंपनीचा अधिकारी. अधिकाऱ्याने कबुलीचं पत्र आधीच पेंटरच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं, वर पेन.

भिंगबाईंनी आपल्या पिशवीतून एक कागद काढून वकीलबाईंना दिला. त्यात लिहिलं होतं की अमुक तारखेचं उत्तर माझं आहे, ते कापलेला फोटो बघून घाईत दिलेलं आहे आणि चुकीचं आहे. खाली त्यांचं खरं नाव, पत्ता आणि सही.

वकीलबाईंनी तो दोनदा वाचला. त्या हुशार होत्या, आणि बाईंना ज्याची धास्ती होती तेच त्यांनी विचारलं. “तेव्हा शंकाच नको म्हणालात आणि चुकलात. मग आज तुमचं बरोबर आहे हे मी कशावरून मानू?”

“मानूच नका,” भिंगबाई म्हणाल्या. “माझा शब्द आता कुणीच मानू नये. हे एकेचाळीस प्रश्न बघा. सत्तावीस मी विचारले, चौदा इतरांनी. उत्तर त्यांतलं एकही माझं नाही.”

नणंदेने छापून बांधलेला गठ्ठा त्यांनी पुढे ठेवला. वकीलबाई एकेक पान उलटू लागल्या. चष्म्याच्या पाटीशी थांबून त्यांनी पहिल्या ‘च’वर बोट ठेवलं, मग चौथ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. अधिकारी म्हणाला की फोटो तिरका घेतला की असे फरक दिसतात.

“चला पाटीखाली,” पेंटर म्हणाले. “शिडी मी धरतो, तुम्ही चढा.”

 वकीलबाईंनी अधिकाऱ्याला विचारलं की तुमच्या फाँटमध्ये हे अक्षर किती तऱ्हांनी काढलेलं आहे. एकाच, तो म्हणाला. त्यांनी गठ्ठा मिटला. मग दोघं बाहेर जाऊन बोलून आले. नोटीस मागे घेतो, असं त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्याला तेवढ्यावर सोडवत नव्हतं. कबुलीचं पत्र त्याने उचललं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की विषय आपसात मिटवू. साम्य केवळ योगायोगाचं आहे आणि कंपनीच्या कामाबद्दल मला आदर आहे, एवढ्या दोन ओळी लिहून पेंटरने सही करावी. कुणाचाच कमीपणा नको.

मुलीने वडिलांच्या हाताला हात लावला. पटकन हो म्हणून घरी जावं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हा निर्णय आता भिंगबाईंचा नव्हता.

पेंटरने पेन घेतलं. कबुलीपत्र पालथं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला, एकाही रेघेला न अडखळता, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘नोटीस चुकीची होती. पाट्या पेंटरच्या हातच्या आहेत.’ खाली सहीसाठी एक आडवी रेघ मारली आणि कागद टेबलावरून अधिकाऱ्याकडे सरकवला.

“बाई चुकल्या, त्यांनी त्यांच्या चुकीखाली सही केली,” ते म्हणाले. “आता तुम्ही तुमच्या चुकीखाली करा.”

अधिकाऱ्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी पेन उचलून त्याच्यापुढे ठेवलं.